पहिल्या तासाची चिवळ

चिवळ निवडायला मी वयाच्या पन्नाशीत शिकलो. तोपर्यंत ती माझ्या ताटात आयती येत होती. उन्हाळा लागला की आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी चिवळीची भाजी व्हायची. मुगाची डाळ घालून, नाहीतर बेसन पेरून, वर लसूण-मिरचीची फोडणी आणि सोबत ज्वारीची भाकर. मी जेवायचो, हात धुवायचो आणि दुकानात जायचो. जमिनीला चिकटून पसरणारी, तांबूस दोऱ्यासारख्या देठांची, तिळाएवढ्या जाडसर पानांची ही भाजी निवडण्यात बायकोची अख्खी दुपार जाते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी तिकडे कधी पाहिलं नव्हतं.

दारव्ह्याला माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. त्यात तणनाशकंही आली, आणि ज्या तणांसाठी शेतकरी ती मागतात त्यांत घोळ असते, चिवळ असते. घोळ म्हणजे चिवळीची थोरली बहीण. पानं मोठी, देठ जाड. तिचीही भाजी होते. ही सगळी जातच चिवट. उपटून बांधावर फेकली तरी अंगातल्या पाण्यावर कितीतरी दिवस जगते आणि तिथेच पडल्या पडल्या बी सांडते. गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकून म्हणतं, "भाऊ, हे घोय मरतच नाई. काईतरी जबरी द्या." मी जबरी काहीतरी देतो. दुपारी घरी जाऊन तिचीच बहीण भाकरीबरोबर खायचो. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. मला ज्याचं वाटायला हवं ते दुसरंच आहे, आणि ते मी आधीच सांगून टाकतो.

माझ्या बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. माझा रक्तगट तिच्याशी जुळतो. मी किडनी दिली नाही.

सुरुवात पायांच्या सुजेपासून झाली. उन्हाळा होता. तिला लघवीला जळजळ व्हायची, तोंडाला चव नसायची, सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगलेलं दिसायचं. "उष्णता झाली," मी म्हणालो. आमच्या भागात दुखणं कोणतंही असो, त्याचं पहिलं नाव उष्णता. आणि उष्णतेवर चिवळ. थंड असते, लघवी साफ करते, असं सगळेच म्हणतात. मी बाजारातून पिशव्या भरभरून चिवळ आणली. सुजलेले पाय लांब करून तीच ती निवडायची, तीच धुवायची, तीच खायची. मग पेरणीचा हंगाम आला. त्या दिवसांत दुकान सोडता येत नाही. हंगाम आटोपला की यवतमाळला दाखवू, असं मी म्हणत राहिलो. हंगाम आटोपला तेव्हा तिच्या पायात चप्पल जात नव्हती.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले. "इतके दिवस काय करत होता?"

मी खरं तेच सांगितलं. "चिवळ खाऊ घालत होतो."

ते हसले नाहीत. चिवळीमुळे किडनी जात नाही, त्या आधीपासूनच आतल्या आत जात होत्या, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. पण आता या भाज्यांतलं पोटॅशियम बाहेर पडायची वाट बंद झाली आहे. ते रक्तात साचलं तर चालतं हृदय थांबू शकतं. पालेभाज्या बंद. चिवळ आणि घोळ तर अजिबात नाही. यापुढे आठवड्यातून दोनदा डायलिसिस.

मी त्यातलं नेमकं चिवळीचं वाक्य धरून बसलो. घरी कोणी भेटायला आलं की चहा येण्याआधीच माझं सुरू व्हायचं. "चूक माझी आहे. मीच तिला एवढी चिवळ खाऊ घातली." पाहुणे म्हणायचे, "भाऊ, तुमाले काय मालूम होतं? तुमी तं चांगल्यासाठीच केलं." मी मान खाली घालायचो. खोटं कशाला सांगू, ते ऐकायला मला बरं वाटायचं. त्या मानाने पत्करायला सोपी चूक होती ती.

एकदा असेच पाहुणे उठून गेले. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपली.

"चिवयवर काहून ढकलून राह्यले?" ती म्हणाली. "त्या बिचारीनं काय केलं? पाव्हण्याईले किडनीचं सांगत जा ना."

मी कप उचलून आत गेलो.

किडनीचं असं झालं होतं. डॉक्टर पहिल्या महिन्यातच म्हणाले होते, की कायमचा इलाज प्रत्यारोपण. घरात द्यायला कोण आहे? आमची मुलगी पुण्याला असते. ती फोनवर लगेच म्हणाली, "मी देते." बायकोने फोन हिसकावून घेतला. "पोरीचं आंग कापून मी जगू काय? पुन्हा हा विषय काढला तं मशीनवर पण जाणार नाई." राहिलो मी. माझा रक्तगट जुळला. डॉक्टरांनी माझं बीपी मोजलं, जरासं वाढलेलं होतं. ते म्हणाले, "एवढ्याने काही होत नाही. नागपूरला पुढच्या तपासण्या करून या, मग ठरवू."

मी नागपूरला गेलो नाही. घरी येऊन मी त्यांच्या बोलण्यातला अर्धाच भाग सांगितला. "माझं बीपी वाढलेलं निघालं."

मला भीती वाटत होती. पोट कापतील, मी टेबलावरून उठणारच नाही, उठलो तरी खताचं पोतं पुन्हा उचलता येणार नाही, आणि उरलेली एकटी किडनी उद्या गेली तर माझ्यासाठी कोण उभं राहील. अंघोळ करताना मी बरगडीखाली हात दाबून पाहायचो, जणू कोणी किडनी चोरून नेणार आहे. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, बीपीवाले पण देतात कधी कधी. एकदा तपासून तर या." मी म्हणायचो, "पाहू." मी इतक्या वेळा 'पाहू' म्हणालो, की पुढे तिने विचारणंच सोडून दिलं. अजूनही फोन करते. पाऊस, कापसाचा भाव, आईची तब्येत, एवढंच बोलते.

आणि मग मी सेवा सुरू केली. दुसरा शब्द नाही. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी सांगितलं होतं, की भाजी बारीक चिरायची, कोमट पाण्यात भिजवायची, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं. म्हणजे पोटॅशियम बरंचसं निघून जातं. ज्याला चहा करता येत नव्हता, तो मी हे सगळं शिकलो. तिचं पिण्याचं पाणी मापून देऊ लागलो. शेजारणी बायकोला म्हणायच्या, "वहिनी, असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाई." ती म्हणायची, "हो ना."

पालेभाजी बंद असतानाही एका उन्हाळ्यात मी तिच्यासाठी चिवळ आणली. दोनदा उकळली, दोनदा पाणी फेकलं, पिळून घेतली आणि बिनमिठाची फोडणी दिली. तिला आनंद होईल अशी माझी खात्री होती. तिने एक घास तोंडात धरला, गिळला आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

"हे चिवय नोय. पोतेरं हाये."

मंगळवारी आणि शनिवारी आम्ही यवतमाळला जातो. दारव्ह्याहून जीप धरायची. नेहमीचा ड्रायव्हर तिला पुढच्या सीटवर बसवतो आणि मला मागे कोंबतो. तिच्या डाव्या हातात सुया टोचायला नस जोडून मोठी केली आहे. तिथे बोट ठेवलं की आत मधमाशी अडकल्यासारखी थरथर लागते. पूर्वी जीपमध्ये उतारू हे काय म्हणून विचारायचे. ती हात पुढे करून म्हणायची, "लावून पाहा." कोणी लावत नसे.

डायलिसिसच्या खोलीला एकच मोठी खिडकी आहे. तिच्या कठड्यावर कोणीतरी डब्यांतून ऑफिस टाइमची झाडं लावली आहेत, गुलाबी आणि पिवळी. हीही घोळ-चिवळीच्याच कुळातली. पानं पाहिली की ओळख पटते. ऊन वर आल्यावर उमलतात, दुपारी मिटतात. तिला मशीनला जोडतात तेव्हा फुलं उघडत असतात आणि सोडवतात तेव्हा मिटून गेलेली असतात. त्या खोलीत बसून पाहण्यासारखं दुसरं काही नाही.

सुरुवातीची दोन वर्षं तिच्या शेजारच्या पलंगावर एक चाचा असायचे. दारव्ह्याचेच, ट्रॅक्टरचे मिस्त्री. नखांतलं काळं ऑईल म्हातारपणातही गेलं नव्हतं. या खोलीतला रिवाज बायकोला त्यांनीच शिकवला. मशीन सुरू झालं, की पहिल्या तासात जे खायचं मन आहे ते थोडंसं खाऊन घ्यायचं, कारण पुढचे तीन तास रक्त धुतलं जाणारच असतं. डॉक्टरांनी कधी हो म्हटलं नाही. सिस्टर पाठ फिरवून ट्रे आवरू लागायच्या. कोणी केळं आणायचं, कोणी संत्र्याच्या दोन फोडी. चाचा खजूर खायचे.

"बेटी, पहला घंटा अपना, बाकी के तीन मशीन के," ते म्हणायचे.

मी म्हणालो, "चाचा, तिला असलं काही सांगू नका."

"दामादजी, तुम मास्टर हो क्या? जब देखो तब ना ना ना." मग तिच्याकडे वळून, "हमारे घर में कुल्फा पकता था, गोश्त में डाल के. तुम्हारे में घोल बोलते ना उसको? अल्ला कसम, मेरेकू गोश्त नहीं होना, खाली कुल्फा होना."

"मले चिवय पायजे," ती म्हणाली. "पण हे उकडून देतात."

"उबाल के?" चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, की खोलीतले सगळे हसले. तीही हसली. दुखणं लागल्यापासून मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. मला हसता आलं नाही.

एका शनिवारी चाचांच्या पलंगावर दुसरं कोणी होतं. राजूरच्या कोळसा खाणीतून रिटायर झालेले एक गृहस्थ, फार न बोलणारे. सिस्टरने सांगितलं, चाचा घरीच गेले, झोपेत. बायकोने चादर तोंडावर ओढून घेतली. आणि मी तिथेच, तिच्या उशाशी उभा राहून म्हणालो, "मी सांगत नव्हतो? हे पहिल्या तासाचं खाणं." चाचा कशाने गेले हे मला माहीत नव्हतं, आजही माहीत नाही. मला फक्त बरोबर ठरायचं होतं. त्यानंतर मी तिची पिशवी निघण्याआधी तपासू लागलो.

मागच्या हिवाळ्यात तिला जिना चढताना दम लागू लागला. रात्री आडवं झालं की खोकला. त्याच सुमारास एक दिवस तिचा हात धरून तिला जिन्यावरून खाली आणताना माझ्या लक्षात आलं, की आता ती फार दिवस अशी चालणार नाही. मी मनाशी ठरवलं, की डॉक्टरांना म्हणायचं, मी तयार आहे. खरंच ठरवलं होतं. पण त्याच दिवशी सांगितलं नाही. तिच्या हृदयाची तपासणी व्हायची होती. म्हटलं, ती होऊ दे.

रिपोर्ट आल्यावर आम्ही दोघं डॉक्टरांसमोर बसलो होतो. मी म्हणालो, "साहेब, मी किडनी द्यायला तयार आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. हृदय फार कमजोर झालं आहे, ते म्हणाले. आता एवढं मोठं ऑपरेशन तिला झेपणार नाही. आता प्रत्यारोपणाचा विचार नको.

माझ्या छातीतून श्वास बाहेर पडला. किती दिवस अडकून राहिलेला होता कोण जाणे. खांदे आपोआप खाली आले. मी सुटलो होतो. माझी बायको आता मरणारच असं एक माणूस मला सांगत होता, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मी मान वळवली तेव्हा ती डॉक्टरांकडे पाहत नव्हती. माझ्या खांद्यांकडे पाहत होती.

परतीच्या जीपमध्ये त्या दिवशी गर्दी नव्हती, म्हणून मी तिच्या बाजूला बसलो. बोरी अरबचा थांबा आला. तिथे उतारू उतरत होते तेव्हा बाहेर पाहत म्हणाली, "आता मोकये झाले तुमी."

मी म्हणालो, "असं काहून बोलतेस?"



या उन्हाळ्यात, एका मंगळवारी यवतमाळला जाताना, बोरीच्या त्याच थांब्यावर एक बाई ओल्या फडक्यावर चिवळीचे ढीग मांडून बसली होती. जीप उभी होती. बायको म्हणाली, "घ्या."

"तुला चालत नाही."

"मले आता काय चालते तेवढं सांगा."

मी उतरलो. तणनाशकाचा धंदा असल्यामुळे मला एक गोष्ट ठाऊक आहे. फवारलेलं बाकीचं तण पिवळं पडतं, पण अंगात पाणी असलेली ही झाडं बरेच दिवस हिरवीगार दिसत राहतात. मी विकणारीला विचारलं, "बाई, फवारणीची तं नाई ना?"

तिने मला वर-खाली पाहिलं. "तुमी दारव्ह्याचे औषधवाले ना, भाऊ? इकता तुमी अन् इचारता मले?" जीपमधले दोघं-तिघं हसले. मग जरा नरमाईने म्हणाली, "नदीकाठच्या भुईमुगातली हाये. माह्यी लेकरं खातात तेच इकते मी."

जीपमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बायको म्हणाली, "शनिवारी करा. दाय घालून, लसणाचा तडका देऊन. उकडाची नाई. पहिल्या घंट्यात खाईन."

त्याच दिवशी दवाखान्यात मी सिस्टरला आधी विचारलं. "दोन घास. आणि मी पाहिलेलं नाही," ती म्हणाली.

चिवळ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. शनिवारी सकाळी लवकर उठून मी ती निवडायला घेतली. बायको दारातल्या खुर्चीवर बसून पाहत होती. मुळं तोडायची, गवताची काडी वेगळी करायची, पिकलेली देठं टाकून द्यायची. मुळाजवळ वाळू अडकलेली असते. दोन पाण्यांतून धुतल्यावर मी चाळणीत घेतली.

"अजून धुवा," ती म्हणाली.

"निघाली सगळी."

"पाण्याच्या तळाले हात लावून पाहा."

जीपची वेळ झाली होती. मी हात लावून पाहिला नाही. भिजलेली डाळ टाकली, फोडणी दिली. वास घरभर सुटला. ती डोळे मिटून बसली होती. भाजी डब्यात भरली, एक भाकर फडक्यात बांधली.

मशीन सुरू झालं. नळ्या लाल झाल्या. कठड्यावरची फुलं उघडत होती. सिस्टरने पाठ फिरवली. मी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर भाजी घेतली आणि तिच्या तोंडाशी नेली, कारण तिचा डावा हात हलवता येत नव्हता. तिने घास घेतला. खूप वेळ चावत राहिली. मी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होतो. दुसरा घास तिने स्वतः उचलला.

"आंबट आली," ती म्हणाली. "अशीच पायजे."

मग डबा माझ्याकडे सरकवला. "खा आता."

"तुझ्यासाठी आणली."

"माहे दोन घास झाले. तुमी खा, पोटभर खा." ती उशीवर डोकं टेकवून छताकडे पाहत म्हणाली, "तुमच्या तं दोन्ही चांगल्या हायेत."

राजूरचे गृहस्थ आमच्याकडे पाहत होते; त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. मी खाली मान घालून घास घेतला. दाताखाली वाळू कचकन आली. दुसऱ्या घासालाही आली. इतक्या वर्षांत तिच्या हातच्या चिवळीत मला एकदाही वाळूचा कण लागला नव्हता.

"रेती लागते काय?" तिने विचारलं.

"नाई," मी म्हणालो. तोंडातून आपोआप निघालं. नळीतून रक्त जात होतं, येत होतं. मी घास तसाच तोंडात धरून बसलो होतो.

"लागते," मी म्हणालो.

"मले लागली होती, तवाच समजलं."

मग मी डबा मांडीवर ठेवला. "अन् तवा माह्यं बीपी काई एवढं नोतं. डॉक्टरनं नागपूरले जाऊन ये म्हटलं होतं. मी भेलो होतो."

तिने मान वळवली नाही. सुई असलेल्या हाताची बोटं चादरीवर एकदा उघडली आणि मिटली.

"मालूम हाये मले," ती म्हणाली. "त्याच दिवशी मालूम झालं होतं." मग म्हणाली, "खा. थंडी होऊन राह्यली भाजी."

मी खाल्ली. शेवटच्या घासापर्यंत, वाळूसकट. ती छताकडे पाहत माझ्या चावण्याचा आवाज ऐकत होती. पहिला तास संपल्याचं सांगायला सिस्टर आली तेव्हा डबा रिकामा होता. सिस्टरनेच तो माझ्या हातातून घेतला आणि धुवायला ठेवला.